गिअरवर उतरलेला पाहुणा

प्रेमराजभाऊंच्या पोटात आता चहाला जागा उरली नव्हती, आणि झिपरू नानांच्या भावकीत घरं अजून उरली होती. धुळ्याजवळच्या डोंगरातलं हे धामणदरं गाव. तिथली रीत अशी, की मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला आली की भावकीतल्या प्रत्येक उंबऱ्याला त्यांनी चहा घ्यायचा. एखादं घर चुकून सुटलं तर ते लग्नात रुसतं आणि पुढे नातवंडाच्या बारशापर्यंत रुसलेलंच राहतं. त्यामुळे सकाळी जळगावहून निघालेले प्रेमराजभाऊ आणि त्यांच्या पत्नी रत्नाताई दुपार कलली तरी या ओट्यावरून त्या ओट्यावर बशा रिकाम्या करत हिंडत होते.

तक्रार करायची सोय नव्हती. त्यांच्या हेमांगीनं आणि नानांच्या ज्ञानेश्वरनं एकमेकांना पसंत केलं होतं. ज्ञानेश्वर धुळ्यापलीकडच्या नरडाण्याच्या कंपनीत सुपरवायझर, मुलगा सरळ, निर्व्यसनी, बोलायला गोड. घर चांगलं, माणसं चांगली. अडलं होतं ते फक्त नानांच्या होकारापाशी.

"पोरगी पसंत शे," नाना ओट्यावर मांडी घालून म्हणाले. "घराणं पसंत शे. पण भाऊ, मी माणूस बैठकीत पाहत नाही. बैठकीत बठ्ठा माणूस, कोणी बी असो, चांगलाच राहतो. मी माणूस रस्त्यावर पाहतो."

"म्हणजे?" प्रेमराजभाऊंनी घाबरत विचारलं.

"म्हणजे स्टेअरिंगवर." नानांनी मिशीवरून हात फिरवला. "उभा जन्म एस.टी. चालवली मी. घाईचा माणूस, हलगर्जी माणूस, तापट माणूस, मला मागून पाहिलं तरी समजतो. तुम्ही निघा पुढं. ज्ञानेश्वरची आज रात्रपाळी शे, त्याला धुळ्याला सोडायचंच आहे. आम्ही जीप घेऊन तुमच्या मागं राहतो. धुळं आलं की सांगतो काय ते."

प्रेमराजभाऊंनी बशी खाली ठेवली. जळगावात पिंप्राळ्याला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईकाला पातेल्याचं बूड वाजवून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गाडी? गाडी चालवायला ते मागच्या दिवाळीनंतर शिकले होते. जुन्या बाजारातून घेतलेली ती वांग्याच्या रंगाची गाडी त्यांनी आजवर दुकान ते घर आणि घर ते दुकान एवढीच चालवली होती. जळगाव ते धुळे हा त्यांचा पहिला लांबचा प्रवास, आणि सकाळी गावचा चढ चढताना रत्नाताईंनी डोळे मिटून सगळ्या देवांची नावं घेतली होती.

बरं, उतारावर काय करायचं याबद्दल त्यांच्या डोक्यात नुसता गोंधळ होता. क्लासवाला म्हणाला होता, क्लच दाबा, ब्रेक दाबा. शेजारचे म्हणाले होते, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची, पेट्रोल वाचतं. मेहुणा म्हणाला होता, न्यूट्रलला टाकाल तर थेट वर जाल. आता परीक्षकच समोर बसलेत म्हटल्यावर प्रेमराजभाऊंनी विचार केला, की पेपर ज्यांनी काढला त्यांनाच उत्तर विचारावं.

"नाना, उतरताना ब्रेक किती मारायचा हो?"

नानांचा चेहरा खुलला. कुणी विचारावं म्हणून ते बहुधा निवृत्तीपासून वाट पाहत होते.

"ब्रेक? ब्रेक मारायचाच नाही! ज्या गिअरात चढ चढला त्याच गिअरात उतार उतरायचा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापतो, आणि तापला की ऐन वेळेला धरत नाही. ही गिअरवरची सवयच लावून घ्यायची. खाली गतिरोधक दिसला, आधीच गिअर उतरवा. सिग्नल दिसला, आधीच गिअर उतरवा. माझी एस.टी. घाट उतरायची तेव्हा मागच्या गाडीला लाल दिवा दिसायचा नाही. चांगल्या ड्रायव्हरचा लाल दिवा पेटतच नाही, भाऊ!"

"आणि मध्येच फोन आला तर?"

"फोन?" नाना एकदम गंभीर झाले. "गाडी चालवताना फोन उचलणारा माणूस माझ्या उंबऱ्यात नको."

एवढ्यात नानांचे धाकटे भाऊ वना आप्पा आले. त्यांचं घर गावाबाहेर, उताराच्या मध्यावर, मळ्यात. "पाव्हणं, आमनाकडला चहा बाकी शे!" ते म्हणाले. प्रेमराजभाऊंनी हात जोडून सांगितलं, की आप्पा, उशीर झालाय, तुमच्याकडे पुढच्या खेपेला नक्की. वना आप्पा 'बरं' म्हणाले आणि मोटारसायकलवरून मळ्यात निघून गेले. पण त्यांचं तोंड जरा उतरलंय असं प्रेमराजभाऊंना वाटलं आणि ती रुखरुख मनात घेऊनच ते गाडीत बसले.

"ऐकलं ना?" त्यांनी रत्नाताईंना बजावलं. "आता धुळ्यापर्यंत लाल दिवा पेटू द्यायचा नाही. आपल्या हेमांगीचं लग्न त्या दिव्यावर आहे."

"मला काय सांगता? पाय तुमचा आहे ना," रत्नाताई म्हणाल्या.

गाव सुटतानाच शाळेपाशी गतिरोधक होता. प्रेमराजभाऊंनी सांगितल्याप्रमाणे आधीच गिअर उतरवला. गाडी कण्हली, वेग मोडला, पण पुरता मोडला नाही. गाडीनं टुणकन उडी मारली आणि रत्नाताईंचं डोकं छताला लागलं.

"अगं आई गं! ब्रेक मारा की हो!"

"गप. नाना मागं आहेत."

मग उतार लागला. रस्ता एका गाडीचा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, वळणावर वळणं, आणि उतार संपतो तिथे थेट मुंबई-आग्रा हायवे, ज्यावर ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. प्रेमराजभाऊंनी तिसरा काढून दुसरा टाकला, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि काय सांगावं, गाडी खरोखरच कुणीतरी मागून शेपटी धरल्यासारखी संथ झाली! वळण आलं, वळली. दुसरं आलं, तेही वळली. ब्रेकला पाय लावला नाही. प्रेमराजभाऊंना स्वतःचाच अभिमान वाटला. क्लासवाल्यानं फुकट पैसे घेतले, असं ते म्हणणार होते, तेवढ्यात आरशात जीपचे हेडलाइट चमकले. एकदा, दोनदा, मग सारखेच.

"नाना लाइट मारून राह्यले," ते म्हणाले.

"काहून?"

"शाबासकी देत असतील."

आता मागच्या जीपमध्ये काय चाललं होतं, हे प्रेमराजभाऊंना नंतर ज्ञानेश्वरकडून कळलं. पण तुम्हाला तोवर ताटकळत कशाला ठेवू? जीप नाना चालवत होते आणि सुरुवातीला ते खूश होते. गतिरोधकावर गाडी उडाली तेव्हा ते चमकले. पहिल्या वळणावर लाल दिवा पेटला नाही. दुसऱ्या वळणावर पेटला नाही. इतकी वर्षं नानांनी गाड्यांच्या पाठी पाहिल्या होत्या, आणि त्यातल्या नव्या ड्रायव्हरचा लाल दिवा उतारावर विझलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. आपण स्वतः घटकाभरापूर्वी ओट्यावर बसून काय शिकवलं हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. शिकवणाऱ्या माणसाचं असंच होतं. ऐकणारा ते मनावर घेईल हे त्याला खरं वाटत नाही. तिसऱ्या वळणावर नानांनी जाहीर करून टाकलं, "ज्ञानेश्वर, गाडीचा ब्रेक गया!"

झालं. नानांनी म्हटलं म्हणजे संपलं. गाडीच्या बाबतीत नानांचा शब्द धामणदऱ्यात कुणी मोडत नसे, आणि ज्ञानेश्वर तर मुलगाच.

"बाबा, त्यांना फोन लावू?"

"लाव, लाव!"

प्रेमराजभाऊंच्या खिशात फोन वाजला. त्यांनी आरशात पाहिलं. जीपमध्ये ज्ञानेश्वर कानाला फोन लावून बसलेला स्पष्ट दिसत होता.

"रत्ना, बघ, परीक्षा घेऊन राह्यले! मी उचलतो का ते बघताहेत."

"उचलू नका बरं!"

"मी काय येडा आहे?"

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. रत्नाताईंचा फोन पाहुण्यांच्या घरी वाजायला नको म्हणून आवाज बंद करून मागच्या डिकीत, ओटीच्या पिशवीत ठेवलेला होता. तो तिथे ब्लाउजपीस आणि नारळामध्ये निमूटपणे थरथरत राहिला. "कितीही वाजवा," प्रेमराजभाऊ पुटपुटले आणि त्यांनी मान ताठ केली.

मग मागून हॉर्न सुरू झाला. आता शाबासकी म्हणावी तर इतकी लांबलचक शाबासकी कुणी देत नाही. प्रेमराजभाऊंचा गोंधळ उडाला.

"काय म्हणत असतील गं?"

"साइड मागत असतील."

"एका गाडीचा रस्ता, साइड कुठून देऊ? दरीतून?" त्यांनी थोडा विचार केला. "हां! उतार वाढलाय ना. गिअर अजून उतरवा म्हणताहेत."

आणि त्यांनी दुसरा काढून पहिला टाकला. इंजिन इतकं किंचाळलं की कडेच्या बाभळीवरचे होले उडाले. गाडी माणसाच्या पळण्याइतकी हळू झाली खरी, पण मागे नानांनी तो आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. "आते ॲक्सिलरेटर बी अडकी गया!" ते म्हणाले. "वनाला फोन लाव! हायवेला जायच्या आत अडवायला पाहिजे!"

वना आप्पांचा मळा दोन वळणं खाली होता. तिथे दादर ज्वारीचा कडबा ट्रॉलीत भरणं चाललं होतं. वना आप्पांनी फोनवर फक्त तीन शब्द ऐकले, "ब्रेक गया", "पाव्हणा", आणि फोन टाकून खांद्यावरचा टॉवेल ओढत रस्त्यावर धावले. मागोमाग मळ्यातली सगळी माणसं, बायका, आणि वना आप्पांची बायको शेवंताबाई हातातल्या उलथन्यासकट.

वळणावरून वांग्याच्या रंगाची गाडी किंचाळत आली. प्रेमराजभाऊंनी पाहिलं, तर रस्त्याच्या कडेला वना आप्पा टॉवेल हलवताहेत, बायका हात हलवताहेत, सगळे 'थांबा थांबा' ओरडताहेत. त्यांना गहिवरूनच आलं.

"अहो, हे तर आप्पा!" रत्नाताई म्हणाल्या.

"चहा राहिला होता ना त्यांच्याकडला. रस्त्यावर आले बघ बोलवायला. किती माया म्हणावी!"

"मग थांबायचं का?"

"थांबायला ब्रेक मारावा लागतो," प्रेमराजभाऊ दात आवळून म्हणाले. "तू हात जोड. मीही जोडतो."

रत्नाताईंनी पदर सावरून दोन्ही हात जोडले. प्रेमराजभाऊंनी एक हात कपाळापर्यंत नेला, चेहऱ्यावर मोठं हसू आणलं आणि खिडकीतून ओरडले, "आप्पा, माफ करा! आता पुढच्या खेपेला!"

गाडी निघून गेली. वना आप्पांच्या हातातला टॉवेल खाली आला. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माय वं! बाई हात जोडी राह्यनी व्हती!"

"आणि तो हसी राह्यना व्हता," वना आप्पा रडवेल्या आवाजात म्हणाले. "माफ करा म्हणे. निरोप ली ग्या बिचारा!"

आता मात्र कुणी उभं राहिलं नाही. मळ्यातून खाली आडवी पाऊलवाट जात होती, वळणं टाळून थेट हायवेच्या तोंडाशी. माणसं तिथून घसरत, पडत, धोतरं सावरत खाली पळाली. आधीच भरलेली एक ट्रॉली खाली तिथेच उभी होती. ती रस्त्यावर आडवी घातली आणि भराभर कडब्याच्या पेंढ्या रस्त्यात फेकल्या. बघता बघता छातीभर उंच गंजी उभी राहिली.

प्रेमराजभाऊ शेवटचं वळण वळले आणि त्यांना समोर रस्ताच दिसेना.

"रत्ना, सकाळी इथं कडबा होता का गं?"

"नव्हता."

"मग आता काहून आहे?"

कडब्याच्या दोन्ही बाजूंना माणसं हात वर करून नाचत होती. दोघं तरणे गडी पुढे धावत आले आणि गाडीच्या बॉनेटला हात लावून तिला मागे रेटू लागले. गाडी त्यांना घेऊन पुढे सरकत होती. प्रेमराजभाऊंचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच हवेत थांबला. आरशात नाना दिसत होते. आत्तापर्यंत दिवा पेटू दिला नाही, आता शेवटच्या पावलावर पेटू द्यायचा? हेमांगीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पहिल्या गिअरात असलेली गाडी दोन गचके खाऊन कडब्यात तोंड खुपसून उभी राहिली.

पुढे काय झालं ते प्रेमराजभाऊंना नीट कळलंच नाही. दार उघडलं गेलं, चार हातांनी त्यांना बाहेर ओढलं, कुणी मिठी मारली, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. पलीकडे शेवंताबाई रत्नाताईंवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकत होत्या. रत्नाताई सगळ्यांना सांगत होत्या, की अहो, मला काही झालं नाही, पण जितकं सांगावं तितकं पाणी जास्तच ओतलं जात होतं.

"वाचले! दोन्ही वाचले!" वना आप्पा ओरडले. "नानामुळे वाचले! नानाला लांबून समजलं ब्रेक गेला म्हणून!"

"ब्रेक?" प्रेमराजभाऊ म्हणाले. "कुणाचा ब्रेक?"

एवढ्यात जीप येऊन थांबली आणि नाना उतरले. चेहरा लालबुंद, मिशी थरथरत होती.

"प्रेमराजभाऊ, अहो, माणूस गाडी बाहेर काढतो तेव्हा आधी ब्रेक पाहतो! बाईमाणसाला घेऊन डोंगरात आले, आणि गाडीला ब्रेक नाही? मागून बोंबलतो, फोन करतो, लाइट मारतो, तुम्ही आपले मान ताठ करून बसलेले! गाडीचं काय आहे हे ज्याला पाहता येत नाही, तो पोरीचं काय पाहील? आणि आमच्या घराचं काय पाहील?"

"अहो नाना, पण ब्रेक तर—"

रत्नाताईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. ओल्या पदरानं तोंड पुसल्याचं निमित्त करून त्या कुजबुजल्या, "काय बोलता आहात ते कळतंय का?"

"ब्रेक चांगला आहे असं सांगतो ना."

"सांगा. म्हणजे सगळ्या गावासमोर नाना येडे ठरतील. चांगल्या ब्रेकच्या गाडीसाठी ट्रॉलीभर कडबा रस्त्यात टाकला त्यांनी. मग देतील ते होकार?"

"आणि नाही सांगितलं तर मी हलगर्जी. मग देतील?"

रत्नाताई ओला पदर पिळू लागल्या. प्रेमराजभाऊंनी सभोवार पाहिलं. वना आप्पा धापा टाकत कडब्यावर बसले होते. एका गड्याचा गुडघा फुटला होता. म्हाताऱ्या बायका नानांच्या अंगावरून बोटं मोडत होत्या. 'नाना नसते तर आज काय झालं असतं' हेच ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. आणि नाना गर्दीच्या मधोमध उभे होते. रागावलेले होते, पण दोघांना कुठे लागलं तर नाही ना, हे पुन्हापुन्हा न्याहाळत होते. खरंच घाबरला होता तो माणूस, त्यांच्यासाठी, अजून नात्यात न आलेल्या दोन परक्या जिवांसाठी. 

"चूक झाली, नाना," ते मान खाली घालून म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. पाहायला पाहिजे होतं मी."

"पाहायलाच पाहिजे होतं!" नाना गरजले. मग थोडे थंड झाले. "किल्ली द्या. गाडी अशी रस्त्यात टाकून चालणार नाही. धुळ्याला मिस्त्रीकडे मी घेऊन जातो."

"बिनब्रेकची?" वना आप्पांनी डोळे विस्फारले.

"गिअरवर," नाना म्हणाले, आणि गर्दीतून कौतुकाची अशी लाट उठली की प्रेमराजभाऊंना मिठी मारलेला माणूससुद्धा त्यांना सोडून नानांकडे गेला.

ट्रॉली आणि कडबा बाजूला झाला. नाना वांग्याच्या रंगाच्या गाडीत बसले. मागून जीप, स्टेअरिंगवर ज्ञानेश्वर, शेजारी प्रेमराजभाऊ, मागे रत्नाताई. ओल्या कपड्यांत तिघांपैकी दोघं कुडकुडत होती. प्रेमराजभाऊ मनात हिशेब मांडत होते, की हेमांगीला घरी गेल्यावर काय सांगायचं. बाळा, बापानं ब्रेक दाबला नाही म्हणून तुझं लग्न मोडलं?

हायवेच्या तोंडाशी उजवीकडून एक ट्रक आला. पुढची गाडी जागच्या जागी थबकली आणि तिचे मागचे दोन्ही दिवे लालभडक पेटले.

जीपमध्ये तिघांनीही ते पाहिलं.

"अहो," रत्नाताई हळूच म्हणाल्या, "तो दिवा..."

"ऊन आहे काचेवर," प्रेमराजभाऊ घाईनं म्हणाले.

"हो काकू, ऊन आहे," ज्ञानेश्वरनंही लगेच सांगितलं.

पुढे ऊसवाल्या ट्रॅक्टरमागे दिवे पुन्हा पेटले. टोलनाक्याच्या रांगेत पेटले. धुळ्याच्या अलीकडे रस्त्यावर म्हशी आल्या तेव्हा तर इतके पेटले की गाडीमागून रस्ता ओलांडणाऱ्या म्हशींची पाठ लाल झाली. तोवर सूर्य ढगाआड गेला होता. ज्ञानेश्वरनं एकदा प्रेमराजभाऊंकडे पाहिलं. प्रेमराजभाऊ खिडकीबाहेर पाहत होते.

"काका," तो म्हणाला, "ब्रेक चांगले होते ना?"

"अरे, तुझ्या बाबांनीच तर सांगितलं होतं लाल दिवा पेटू द्यायचा नाही म्हणून!" प्रेमराजभाऊंना आता राहवेना. "त्यांनीच ओट्यावर बसून गिअर शिकवला. त्यांनीच फोन उचलायचा नाही म्हटलं. मी सगळं त्यांच्याच सांगण्याबरहुकूम केलं, आणि आता मीच हलगर्जी! माझं काय चुकलं तेवढं तूच सांग."

ज्ञानेश्वरचं सगळं अंग हसण्यानं हलत होतं आणि त्याला जीप रस्त्यावर ठेवायची होती.

धुळे आलं. पुढची गाडी मिस्त्रीच्या गल्लीत वळली नाही. ती एका मोठ्या लिंबाच्या झाडाखाली, रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. लाल दिवे पेटले, विझले, पुन्हा पेटले, पुन्हा विझले. मग नुसतीच उभी राहिली. बराच वेळ दार उघडेना, तेव्हा प्रेमराजभाऊ उतरून गेले आणि खिडकीशी वाकले. नाना दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर पाहत बसले होते. सकाळपासून पहिल्यांदाच ते म्हातारे दिसत होते.

"कधीपासून चांगला शे?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"पहिल्यापासून, नाना."

"मग तिथं बोलले काहून नाही?"

"तुमचं सगळं गाव उभं होतं ना."

नानांनी स्टेअरिंगवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले. "मीच सांगितलं, आणि मीच विसरलो," ते पुटपुटले. "पहिल्याच ट्रकला माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि गाडी कशी उभी राहिली म्हणून सांगू! नव्यासारखी. तेव्हापासून इथपर्यंत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, गाडी अशीच सरळ इंदूरला घेऊन जावी." मग ते उतरले आणि प्रेमराजभाऊंसमोर उभे राहिले. "मी तुम्हाला चार माणसांत नको ते बोललो. तुमच्या जागी मी असतो तर ब्रेक दाबून दाखवला असता, आणि वर दोन शब्द सुनावले असते. तुम्ही माझी लाज राखली, भाऊ."

 तेवढ्यात नानांचा फोन वाजला. वना आप्पा होते आणि त्यांचा आवाज फोनमधून नुसता रस्ताभर ऐकू येत होता. "नाना! पोहोचले का? मिस्त्री काय म्हणस? काय व्हयेल व्हतं ब्रेकला? बठ्ठा लोके आथा बसेल शेत, इचारी राह्यनात!"

नानांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. उभ्या जन्मात त्यांना ब्रेकविषयी कुणी काही विचारावं आणि त्यांना उत्तर सुचू नये, असं झालं नव्हतं. प्रेमराजभाऊंनी त्यांच्या हातातून अलगद फोन घेतला.

"आप्पा, मी प्रेमराज बोलतो. ब्रेकच्या नळीत कचरा अडकला होता म्हणे. नानांनी रस्त्यात गाडी चालवता चालवताच काढला. मिस्त्रीला हातच लावावा लागला नाही. मिस्त्री म्हणाला, असा ड्रायव्हर पाहिला नाही."

पलीकडे गलका उठला. त्या गलक्यात वना आप्पांनी विचारलं, "मंग आते होकारनं काय? नानाले इचारा."

प्रेमराजभाऊंनी फोन नानांपुढे धरला. नानांनी खाकरून घसा साफ केला, टोपी सारखी केली आणि आवाजात जुना रुबाब आणायचा प्रयत्न केला. पण तो आला नाही, डोळ्यांत पाणीच आलं.

"होकार शे म्हण," ते म्हणाले. "व्याही सोन्यासारखा शे म्हण."

जीपमध्ये रत्नाताईंनी डोळे पुसले आणि ज्ञानेश्वरनं हळूच फोन काढून जळगावला मेसेज टाकला. लिंबाखाली दोन व्याही एकमेकांना कडकडून भेटले. भेट झाल्यावर नानांनी प्रेमराजभाऊंचा हात हातातच ठेवला आणि त्यांना जरा बाजूला घेतलं.

"व्याही, एक विनंती शे. लग्नाला नवरदेवाची गाडी जळगावला न्यायची राहील."

"तुम्ही म्हणाल तसं, नाना. मी चालवू का तुम्ही?"

नानांनी वांग्याच्या रंगाच्या गाडीकडे पाहिलं, मग जीपकडे पाहिलं.

"पोरं चालवतील," ते म्हणाले. "आपण दोघं मागच्या सीटवर बसायचं, आणि पुढं पाहायचंच नाही."